स्पॉन्सरशिपची फाइल टाकली म्हणजे वर्क परमिट मिळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई अमळनेरच्या, डीएड झालेल्या, खासगी शाळेत शिकवतात. यंदा फेब्रुवारीत लग्न झालं. नवरा कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, गेल्या वर्षी त्याला पीआर, म्हणजे कायम राहायचा हक्क, मिळाला आणि आता तो पत्नीला स्पॉन्सर करणार आहे, म्हणजे तिची हमी घेऊन तिच्या पीआरचा अर्ज टाकणार आहे. एका एजंटनं सांगितलं, ‘फाइल लागली की तीन महिन्यांत वर्क परमिट घरपोच येतं, शाळेचा राजीनामा देऊन मोकळ्या व्हा.’ ताईंना विचारायचंय की हे खरं आहे का, आणि नसेल तर तिकडे लवकरात लवकर कायदेशीर काम सुरू करायचा मार्ग कोणता.

ताई, आधी राजीनाम्याचा कागद कपाटात ठेवा. अमळनेरला बसून फक्त स्पॉन्सरशिपच्या जोरावर वर्क परमिट मिळत नाही. जोडीदाराला मिळणारं ओपन वर्क परमिट म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची मुभा असलेलं परमिट. ते मिळायला चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. पीआरचा अर्ज पोचल्याचं पत्र, म्हणजे ज्याला सगळे एओआर म्हणतात ते, हातात हवं. तुम्ही स्वतः कॅनडात हव्यात. तिथला तुमचा मुक्काम कायदेशीर हवा, म्हणजे व्हिजिटर, विद्यार्थी असा कुठला तरी वैध दर्जा हवा. आणि नवऱ्याच्या पत्त्यावरच तुम्ही राहत असायला हव्यात. चारातली पहिली गोष्ट फाइल टाकून होते, उरलेल्या तीन तिकडे पाय ठेवल्याशिवाय होत नाहीत. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न वर्क परमिटचा नाहीच. फाइल चालू असताना व्हिजिटर म्हणून आत कसं जायचं, हा आहे.

नात्यातलं कोणी तुम्हाला वेगळंच सांगेल, तेही खोटं बोलत नसतील. २०१४ च्या शेवटी ही सवलत सुरू झाली तेव्हा ती फक्त कॅनडाच्या आतून फाइल टाकणाऱ्यांना होती. मे २०२३ मध्ये ती बाहेरच्या वर्गात, म्हणजे फॅमिली क्लासमध्ये अर्ज केलेल्या पण कॅनडात येऊन जोडीदारासोबत राहणाऱ्यांनाही लागू झाली. जुना अनुभव सांगणारे २०२३ च्या आधीचा नियम सांगतात, एवढंच.

पुढे जाण्याआधी एक तारीख तपासा. नवऱ्याचा पीआर पक्का झाला तो दिवस आणि तुमच्या लग्नाचा दिवस यांत आधी कोणता? तुम्ही लिहिलंय त्यावरून पीआर आधी, लग्न नंतर, म्हणजे अडचण नाही. पण बऱ्याच घरांत पीआरचा अर्ज पडलेला असताना मुलगा सुट्टीवर येतो, लग्न लागतं, तो परत जातो आणि ‘फाइल लांबायला नको’ म्हणून लग्न कळवतच नाही. पीआर पक्का होताना जोडीदार जाहीर केला नसेल, तर नंतर त्याच जोडीदाराला फॅमिली क्लासमध्ये स्पॉन्सर करायला कायद्यानं बंदी आहे. कोर्टाचं लग्न आधी आणि मांडवातलं नंतर असं झालं असेल, तर आधीची तारीखच धरली जाते. आणि लग्नाला दोघंही एका जागी हजर हवेत. व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न चालत नाही.

आता फाइल कुठल्या वर्गात टाकायची ते. दोन वाटा आहेत. आतल्या वर्गात तुम्ही नवऱ्यासोबत कॅनडातच राहत असायला हवं, निकाल लागेपर्यंत. बाहेरच्या वर्गात तुम्ही इकडे राहा, तिकडे राहा, ये-जा करा. अमळनेरला बसलेल्या माणसाला मी बाहेरचाच वर्ग सुचवते, आणि त्याचं कारण आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आतल्या वर्गात फाइल असताना तुम्ही आखाजीला माहेरी आलात आणि परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं प्रवेश नाकारला, किंवा व्हिजिटर व्हिसा संपून नवा मिळाला नाही, तर ‘कॅनडात एकत्र राहतात’ ही अटच कोसळते आणि फाइलही कोसळू शकते. आईवडिलांचं दुखणंखुपणं सांगून येत नाही. बाहेरच्या वर्गात फाइलला अशा येण्याजाण्यानं धक्का लागत नाही. दुसरं, बाहेरच्या वर्गात अर्ज नामंजूर झाला तर स्पॉन्सरला अपील करता येतं, आतल्या वर्गात ते अपील नाही. पूर्वी लोक निव्वळ वर्क परमिटपायी आतला वर्ग निवडायचे. २०२३ पासून ते कारण उरलेलं नाही. जी मुलगी आधीच तिकडे शिकते आहे, नवऱ्याजवळच राहते आणि दोन वर्षं हलणार नाही, तिचा हिशेब वेगळा असू शकतो. क्युबेक प्रांतात राहणाऱ्यांचाही वेगळा, तिथे प्रांताची स्वतंत्र हमी लागते. ब्रॅम्प्टन ओंटारिओत आहे, तुम्हाला तो फेरा नाही.

नवऱ्याच्या पगाराची चिंता घरचे फार करतात, ती कमी करा. पत्नीला स्पॉन्सर करायला उत्पन्नाची किमान रेषा सहसा लागत नाही. तीन वर्षांची हमी मात्र तो लिहून देतो: या काळात तुम्ही सरकारी मदत घेतली तर ती त्याच्याकडून वसूल होऊ शकते. तो अजून नागरिक नसल्यानं फाइल चालू असताना त्यानं कॅनडातच राहायला हवं. पंधरा दिवसांची चक्कर चालते, सहा महिने शेतावर येऊन राहणं चालत नाही.

कागदांत आपल्याकडची मंडळी कुठे अडकतात, ते सविस्तर सांगते, कारण फाइल परत येण्याचं खरं मूळ तिथे असतं. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीचा असो की नगरपालिकेचा, त्यावरचं नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून घ्या. पाटील, चौधरी, महाजन ही नावं प्रत्येक कारकून आपल्या मनानं लिहितो. चूक दिसली तर दुरुस्ती आत्ताच करा, ग्रामसेवकाची बदली झाल्यावर तेच काम दुप्पट होतं. दाखला किंवा कुठलाही कागद निव्वळ मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत. भाषांतर घरच्यांनी केलेलं चालत नाही, मग मामा इंग्रजीचे प्राध्यापक का असेनात.

सासरचं नाव लावायची घाई करू नका. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं आणि बँकेत तिसरंच, असं त्रांगडं झालं की प्रत्येक ठिकाणी खुलासा जोडत बसावं लागतं. पासपोर्ट चालू आहे ना, मग पीआर होईपर्यंत सगळं त्याच नावानं चालू द्या. लग्नाचा दाखला दोन्ही नावांचा दुवा आपोआप जोडतो.

नातं खरं आहे याचा पुरावा हा फाइलचा गाभा. ठरवून झालेल्या लग्नात ‘आम्ही तीन वर्षं फिरलो’ असे फोटो नसतात आणि ते नसल्यामुळे काही बिघडत नाही. आयएमएम ५५३२ या फॉर्मात ओळख कशी झाली, कोणी जुळवलं, पहिल्यांदा कधी भेटलात, घरच्यांना कधी कळलं असं विचारतात. तिथे खरं तेच लिहा: मामांनी स्थळ आणलं, अमुक तारखेला पाहायला आले, साखरपुडा, हळद, लग्न. अधिकारी भारतीय पद्धती ओळखून असतात. त्यांना खटकतं ते वेगळंच. लग्न झालं पण नंतरचं काहीच नाही. म्हणून लग्नानंतरच्या महिन्यांचा पुरावा जास्त जपा: कॉलची नोंद महिन्यातून थोडी थोडी, नवऱ्यानं पाठवलेले पैसे, त्याची तिकिटं, विम्यात किंवा बँकेत वारस म्हणून एकमेकांची नावं. आपली लग्नपत्रिका इथे कामाला येते. निमंत्रक म्हणून काका, मामा, आत्या, भाऊबंद यांची जी लांबलचक यादी आपण छापतो, तिच्यावरून दोन्हीकडच्या गोतावळ्याला लग्न ठाऊक होतं हे एका कागदात दिसतं. फक्त भाषांतर जोडा. फोटो वीसपर्यंत पुरे, पण प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि कोण कोण आहे ते लिहा. हळदीचे दोनशे फोटो पाठवून कोणी प्रभावित होत नाही.

पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाकडूनच घ्यायचा, तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा नाही. बायोमेट्रिकचं पत्र आलं की ३० दिवसांत बोटांचे ठसे द्यावे लागतात. त्यासाठी मुंबई, पुणे किंवा अहमदाबाद गाठावं लागेल. अमळनेरहून सुरत लाइनच्या गाडीनं अहमदाबाद बऱ्याचदा सोयीचं पडतं. अपॉइंटमेंट आधी घ्या, तिकीट मग काढा.

फाइल कॅनडा सरकारच्या पोर्टलवर गेली, अपुरी नाही असं ठरलं, की एओआर येतं. फाइल अपुरी असेल तर ती सरळ परत येते आणि रांगेतला नंबर जातो, म्हणून एक सहीसुद्धा सुटू देऊ नका. एओआरनंतर व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करा. आधीही करता येतो, पण फाइल आत असताना तुमचं म्हणणं सरळ असतं: कायमचं यायचंय ते रीतसर येणार आहे, तोपर्यंत नवऱ्याकडे राहून येते. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२ मध्ये हे स्पष्ट मान्य केलंय की कायमचं स्थायिक व्हायची इच्छा असणं हे तात्पुरतं येण्याच्या आड येत नाही, फक्त मुदत संपताना निघून जाल हे अधिकाऱ्याला पटायला हवं. व्हिसाची फी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक ८५.

इथे एजंट दोन सल्ले हमखास देतात, ‘अविवाहित लिहा’ किंवा ‘स्पॉन्सरशिपचा उल्लेख टाळा’. हे कधीही करू नका. दोन्ही अर्ज एकाच यंत्रणेत, एकाच नावावर दिसतात. खोटी माहिती ठरली की पाच वर्षांची बंदी येते आणि चांगली चाललेली स्पॉन्सरशिपही त्यात बुडते. उलट अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडा. फाइलचा क्रमांक, एओआर, नवऱ्याचा पीआरचा पुरावा, त्याच्या पगाराच्या पावत्या आणि मागच्या वर्षीची टॅक्सची नोटीस (म्हणजे कर खात्याचं आकारणीपत्र), राहण्याची सोय, आणि इकडे परतायची तुमची कारणं. या शेवटच्या मुद्द्यासाठीच शाळेची नोकरी हवी. शाळेचं रजा मंजुरीचं पत्र हा तुमच्या हातातला सगळ्यात वजनदार कागद आहे आणि एजंट नेमका तोच फेकायला सांगतोय. सासऱ्यांच्या केळीच्या बागेचा सातबारा लोक हौसेनं जोडतात, जोडा हवा तर, पण त्यावर तुमचं नाव नसेल तर त्याचं वजन फारसं नसतं. तुमच्या स्वतःच्या खात्यातली सहा महिन्यांची उलाढाल बरी. व्हिसाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक आलेले पाच लाख मात्र संशयच वाढवतात.

व्हिसा नाकारला गेला तर घाबरून लगेच तोच अर्ज पुन्हा टाकू नका. नवरा कॅनडात आहे, तो तुमच्या संमतीनं ५ डॉलर भरून अधिकाऱ्याच्या नोंदी मागवू शकतो. नकाराच्या पत्रातली छापील वाक्यं सगळ्यांना सारखीच असतात, खरं कारण या नोंदींत सापडतं. व्हिजिटर व्हिसा नाकारल्यानं स्पॉन्सरशिप आपोआप बिघडत नाही, ती आपल्या गतीनं चालत राहते.

तिकडे उतरलात की पासपोर्टवरचा शिक्का नीट पाहा. तारीख लिहिली नसेल तर सहा महिने, लिहिली असेल तर ती तारीख. पहिल्याच आठवड्यात पत्त्याचा पुरावा उभा करायला घ्या, कारण वर्क परमिटचा अर्ज इथे लटकतो. ब्रॅम्प्टनला पुष्कळ मुलं तळघरात रोख भाड्यावर, चार जणांत राहतात. ना करार, ना पावती. ओंटारिओत २०१८ पासून घरभाड्याचा करार सरकारी नमुन्यावर करायचा नियम आहे, नवऱ्यानं घरमालकाकडे तो मागावा आणि त्यात तुमचंही नाव घालून घ्यावं. दोघांचं एकत्र बँक खातं, इंटरनेटचं बिल, तुमच्या नावानं त्या पत्त्यावर आलेलं एखादं पत्र, एवढं जमलं की पुरे. बाहेरच्या वर्गाच्या फाइलमध्ये तुमचा पत्ता अमळनेरचा असेल, तर वेबफॉर्मनं नवा पत्ता कळवा. एका अर्जात ब्रॅम्प्टन आणि दुसऱ्यात अमळनेर असं राहू देऊ नका.

मग आयएमएम ५७१० हा फॉर्म, ऑनलाइन. परमिटच्या प्रकारात ओपन वर्क परमिट निवडायचं. फी १५५ अधिक १००, म्हणजे २५५ डॉलर. लोक फक्त १५५ भरतात आणि अर्ज अडकतो. सोबत एओआर, पासपोर्टची सगळी पानं, लग्नाचा दाखला, नवऱ्याचा पीआरचा पुरावा आणि पत्त्याचे कागद. फीचे आकडे भरण्याच्या दिवशी सरकारी साइटवर पडताळून घ्या. सीमेवर जाऊन तिथल्या तिथे परमिट घेऊन यायची जुनी युक्ती २३ डिसेंबर २०२४ पासून बंद झालीय, त्यामुळे कोणी ‘नायगाराच्या पुलावर करून आणतो’ म्हटलं तर दुर्लक्ष करा.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. नेमून दिलेल्या डॉक्टरांकडची वैद्यकीय तपासणी झालेली नसेल, तर परमिटवर एक ओळ छापून येते: बालसंगोपन, प्राथमिक-माध्यमिक शाळेत शिकवणं आणि आरोग्यसेवा या कामांसाठी वैध नाही. म्हणजे तुमचीच तिन्ही दारं बंद. पीआरच्या फाइलसाठी तपासणी झाली असेल तर तिचा क्रमांक अर्जात द्या, झाली नसेल तर आधी करून घ्या. ही तपासणी साधारण १२ महिने चालते, त्यामुळे फार आधीही नको. शिवाय परमिट म्हणजे शिकवण्याचा परवाना नव्हे. ओंटारिओत सरकारी शाळेत शिकवायला तिथल्या शिक्षक मंडळाची नोंदणी लागते आणि नुसत्या डीएडवर ती मिळणं अवघड. डेकेअरमध्ये सहायक म्हणून सुरुवात करता येते.

अर्ज टाकल्यापासून परमिट हातात पडेपर्यंतचा काळ सगळ्यात निसरडा. मुक्कामाची मुदत संपण्याआधी अर्ज गेलेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुम्ही कायदेशीर राहू शकता, पण काम करू शकत नाही. आधीपासून वर्क परमिट असलेला माणूस नूतनीकरणाच्या काळात काम चालू ठेवू शकतो. हे ऐकून व्हिजिटर असलेल्या बायकाही कामाला लागतात, तिथे फसतात. ओळखीच्याच्या किराणा दुकानात रोखीनं चार तास, हेसुद्धा विनापरवाना काम. ते उघड झालं तर काम थांबवल्यापासून सहा महिने वर्क परमिट देता येत नाही, असा नियमच आहे. तेवढ्या डॉलरसाठी एवढं नुकसान. भारतातल्या शिकवणीचे ऑनलाइन वर्ग, ज्यांचे विद्यार्थी आणि पैसे दोन्ही भारतातले, ते मात्र व्हिजिटर म्हणूनही घेता येतात, कारण त्यात कॅनडातल्या कोणाची नोकरी जात नाही. शिक्का संपत आला आणि एओआर अजून आलंच नसेल, तर १०० डॉलर भरून मुक्काम वाढवायचा अर्ज आधी टाका, संपण्याच्या महिनाभर आधी. चुकून मुदत उलटलीच तर ९० दिवसांत दर्जा परत मिळवायचा अर्ज करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणि या काळात आजारपणाचा विमा स्वतःचा लागतो, व्हिजिटरला सरकारी विमा नाही.

परमिट आलं की सर्व्हिस कॅनडाच्या कार्यालयात एसआयएन, म्हणजे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, काढा, फुकट आहे. तो ९ नं सुरू होतो आणि परमिटसोबतच संपतो, म्हणून परमिट वाढवलं की तोही वाढवून घ्या. परमिट बहुधा दोन वर्षांचं मिळतं. ते हातात असलं तरी देशात शिरायला चालू व्हिसाच लागतो, हे आखाजीचं तिकीट काढण्याआधी पाहा.

बाकीच्या वाटा तुम्हाला कोणी ना कोणी सुचवेल, म्हणून झटपट. विद्यार्थी किंवा कामगाराच्या जोडीदाराला मिळणारं परमिट तुमच्यासाठी नाही, कारण नवरा आता पीआर आहे. (ज्यांचे नवरे अजून परमिटवर आहेत त्यांनीही लक्षात ठेवा, २१ जानेवारी २०२५ पासून ते पुष्कळ आक्रसलंय: ठरावीक वरच्या दर्जाच्या कामातले कामगार, तेही परमिटचे १६ महिने शिल्लक असतील तर, आणि किमान १६ महिन्यांचे मास्टर्स, पीएचडी असे मोजके अभ्यासक्रम.) नुसतं आत शिरायला लाखो रुपये भरून कॉलेजचा स्टडी परमिट काढणं म्हणजे विहीर खणून तांब्याभर पाणी पिणं. एलएमआयए, म्हणजे परदेशी कामगार घ्यायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी, विकत देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ती फी मालकानं भरायची असते, कामगाराकडून ती वसूल करणं बेकायदा आहे.

राहता राहिली शाळा. बिनपगारी रजा मागा, शक्य तर एका शैक्षणिक वर्षाची. राजीनामा तेव्हा, जेव्हा ओपन वर्क परमिट हातात असेल किंवा पीआर झालेला असेल. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याचं नाव कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेच्या जाहीर यादीत आहे का ते नवऱ्याला आजच बघायला सांगा. वकील नसेल आणि त्या यादीतही नसेल, तर तुमच्या फाइलवर त्याचं नाव कुठेच येणार नाही, उद्या चूक झाली की सही फक्त तुमची असेल. पोर्टलचा पासवर्ड कोणालाच देऊ नका.